अरे, आवाज कुणाचा?
(घरगुती व्हिडिओ एडिटिंगमधला आवाजाचा हिशोब)

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या कॅम्पसवर दोन प्रकारचे लोक दिसायला लागतात. एक, स्टेजवर जाणारे. दोन, स्टेजवर जाणाऱ्यांचं शूटिंग करणारे. हल्ली दुसरी जमात पहिलीपेक्षा मोठी झाली आहे. इंडस्ट्रियल व्हिजिट असो, हॉस्टेलचा गणपती असो नाहीतर बीईवाल्यांचा निरोप समारंभ, शूटिंग होतंच. मग कुणीतरी "एडिटिंग माझ्याकडे लागलं" असं म्हणून लॅपटॉप घेऊन बसतो. स्लो मोशन होतं, नावं गोल गोल फिरत येतात, रंग सिनेमासारखे होतात. आणि फिल्म हॉलमध्ये लागली की पाचव्या सेकंदाला मागच्या रांगेतून आरोळी येते, "आवाऽऽज!"

कधी आवाज येतच नाही. कधी इतका येतो की स्पीकर फाटल्यासारखे वाटतात. बहुतेक वेळा गाणं छान ऐकू येतं आणि माणसं नुसती तोंड हलवताना दिसतात. चित्रावर दहा रात्री घालवलेल्या असतात आणि आवाजावर शेवटची दहा मिनिटं.

एकांकिका स्पर्धांना आपण घसा फुटेपर्यंत "अरे, आवाज कुणाचा?" ओरडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की एडिटिंगला बसल्यावर हाच प्रश्न आधी स्वतःला विचारायचा. या क्षणी, या शॉटमध्ये, आवाज कुणाचा? ते ठरलं की कुठला स्लाइडर वर आणि कुठला खाली, हे बरंचसं आपोआप ठरतं. ते ठरलं नसेल तर जगातलं सगळ्यात महाग सॉफ्टवेअरसुद्धा काही करू शकत नाही.

(एक सूचना. शाळा कॉन्व्हेंट असल्यामुळे माझं मराठी आमच्या स्वयंपाकघरातलं आहे. शुद्धलेखनवाल्यांनी सांभाळून घ्यावं. टेक्निकल शब्द जसे आपण लॅबमध्ये बोलतो तसेच ठेवले आहेत.)

थोडी थिअरी (व्हायवालासुद्धा उपयोगी)

कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं मीटर असतं आणि त्यावर आकडे असतात डीबीमध्ये, म्हणजे डेसिबलमध्ये. हे नाव आलं टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलवरून. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या इंजिनिअरांना टेलिफोनच्या लांबलचक तारांमध्ये सिग्नल किती कमी होतो ते मोजायला एक एकक हवं होतं. त्यांनी तयार केलेल्या एककाचं १९२८ मध्ये 'डेसिबल' असं नामकरण झालं.

डेसिबल म्हणजे किलो किंवा मीटरसारखं माप नाही. ते गुणोत्तर आहे, तेही लॉगमध्ये. सूत्र आपल्याला पाठच आहे: २० गुणिले लॉग (नवीन अँप्लिट्यूड भागिले जुनं अँप्लिट्यूड). अँप्लिट्यूड दुप्पट केलं तर +६ डीबी, निम्मं केलं तर −६ डीबी, दहावा भाग केला तर −२० डीबी. लॉग वापरण्याचं कारण म्हणजे आपला कानही साधारण तसाच चालतो. १ डीबीचा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला मात्र साधारण १० डीबी वाढवावे लागतात. म्हणून अर्ध्या डीबीसाठी रूममेटशी भांडू नये. आणि १० डीबी वाढवताना 'थोडासाच तर वाढवलाय' असंही म्हणू नये.

काही साध्या सॉफ्टवेअरमध्ये डीबीऐवजी टक्के असतात. जिथे टक्का सरळ अँप्लिट्यूडला लावलेला असतो तिथे २०० टक्के म्हणजे +६ डीबी, ५० टक्के म्हणजे −६ आणि १० टक्के म्हणजे −२०. गाणं १०० वरून ५० टक्क्यांवर आणलं की आपल्याला वाटतं अर्धं केलं. कानाला ते अर्ध्याहून बरंच जास्त ऐकू येत असतं. बॅकग्राउंडचं गाणं 'कमी करूनही कमी होत नाही' त्याचं कारण हे.

आता फर्स्ट इयरवाले हमखास विचारतात तो प्रश्न. मीटरवरचे सगळे आकडे मायनसमध्ये का? कारण डिजिटल आवाजात वरची हद्द ठरलेली असते आणि त्या हद्दीलाच शून्य म्हणतात. १६ बिटच्या ऑडिओत प्रत्येक सँपलला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते. सगळ्यात वरची पायरी म्हणजे ० डीबी. बाकी सगळं तिच्या खाली, म्हणून मायनस. (६५,५३६ चा लॉग घेऊन २० ने गुणा, सुमारे ९६ येतात. १६ बिटची रेंज ९६ डीबी म्हणतात ती हीच.)

शून्याच्या वर पायरीच नाही. मग आवाज त्याहून मोठा आला तर काय होतं? लाटेचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट होतो. याला क्लिपिंग म्हणतात आणि मीटरवर तेव्हा लाल रंग पेटतो. कानाला तो आवाज फाटका, चरचरीत लागतो. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की रेकॉर्डिंग करतानाच माथा कापला गेला असेल तर नंतर व्हॉल्यूम कमी करून काही उपयोग नाही. फाटका आवाज लहान होतो, पण फाटकाच राहतो. शिवणकामासारखं आहे. कापड जास्त कापलं गेलं तर मागे येत नाही. उलट आवाज थोडा कमी रेकॉर्ड झाला असेल तर तो वाढवता येतो. म्हणून शूटिंग करताना लेव्हल सेट करता येत असेल तर बोलण्याची टोकं −१२ च्या आसपास ठेवावीत. कुणी अचानक हसलं, ओरडलं, टाळी वाजवली तर वर जागा उरते.

मोबाइलवर बहुतेक वेळा लेव्हल आपल्या हातात नसते. फोन स्वतःच कमी-जास्त करत असतो. माणूस बोलायचा थांबला की फोनला वाटतं आवाज कमी झाला, आणि तो व्हॉल्यूम वाढवतो. मग दोन वाक्यांच्या मध्ये पंख्याची घरघर फुगते. उपाय अगदी गावठी आहे: रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करा. दोन मिनिटं घाम येईल, पण एडिटिंगमधले दोन तास वाचतील.

अंतर नावाचा फुकटचा स्लाइडर

सगळ्यात चांगला व्हॉल्यूम कंट्रोल कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. तो म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडापासून माइकपर्यंतचं अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने उतरतो. अर्ध्या मीटरवरून चार मीटरवर गेलात तर तीन वेळा दुप्पट झालं, म्हणजे १८ डीबी गेले. 'ठीक आहे, नंतर १८ वाढवू' असं वाटेल. पण मेसमधल्या ताटांचा आवाज, मागचा टीव्ही, कॉरिडॉरमधली बॅडमिंटन मॅच हे चारी बाजूंनी येत असतं. ते काही अंतराबरोबर उतरत नाही. तुम्ही १८ वाढवले की तेसुद्धा १८ ने वाढतं. सॉफ्टवेअरला माणूस आणि ताट यातला फरक कळत नाही.

म्हणून भाषण असेल तर एक फोन कॅमेरा म्हणून मागे ठेवा आणि दुसरा फोन नुसता आवाज रेकॉर्ड करायला पोडियमवर ठेवा. सुरुवातीला एक जोरात टाळी वाजवून घ्या. नंतर टाइमलाइनवर दोन्ही टाळ्यांची टोकं एकाखाली एक आणली की आवाज आणि चित्र जुळतं. सिनेमावाले क्लॅपबोर्ड वापरतात ते याचसाठी.

मामांचं भाषण

हे सगळं का लिहितेय ते सांगते. मागच्या वर्षी आमच्या मेसमधले एक मामा रिटायर झाले. वीसहून जास्त वर्षं त्यांनी हॉस्टेलच्या पोरापोरींना पोळ्या वाढल्या. आजारी असलं तर रूमवर मऊ भात पाठवला, परीक्षेच्या दिवसांत रात्री चहा ठेवला. त्यांच्या निरोपाला सीनिअर्सनी सात-आठ मिनिटांची फिल्म केली. मामा कॅमेऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदाच बोलले. हळू आवाजात, मध्येच थांबत, जमिनीकडे बघत. त्याखाली गिटारचं एक सुंदर म्युझिक टाकलं होतं. खाली कसलं, वरच होतं ते. हॉलमध्ये सगळ्यांना गिटार ऐकू आली. मामा काय बोलले ते पहिल्या रांगेलासुद्धा नीट कळलं नाही.

त्यावर कडी म्हणजे, काही दिवसांनी मामांची मुलगी कॉलेजवर आली आणि म्हणाली, "बाबा त्यात आमच्या आईबद्दल काहीतरी बोललेत. ते ऐकायला मिळेल का?" तोपर्यंत फोनची मेमरी भरली म्हणून मूळ क्लिप्स उडवलेल्या होत्या. उरली होती ती फक्त एक्स्पोर्ट केलेली फिल्म, जिच्यात मामा आणि गिटार एकमेकांत विरघळून गेले होते. एकाने कॉम्प्युटरवर आवाज वेगळा काढायचा प्रयत्न केला. हल्ली बोलणं आणि संगीत वेगळं करणारे एआय प्रोग्रॅम मिळतात आणि ते बऱ्यापैकी चालतातही. पण मुळातच इतकं हळू आणि इतकं झाकलेलं बोलणं त्यातून अर्धवटच बाहेर आलं. काही शब्द कळले. आईबद्दलचं वाक्य कळलं नाही.

सीनिअर्सनी फिल्म प्रेमानेच केली होती. त्यांना कुणी दोष देऊ नये आणि मीही देत नाही. त्यांना गिटार कमी करायला नको होतं असंही नाही. फक्त 'आवाज कुणाचा' हे ठरवायचं राहून गेलं.

टाइमलाइनवर प्रत्यक्ष काय करायचं?

आता प्रॅक्टिकल. जर्नलमध्ये लिहितो तशी पायरी-पायरीने कृती.

पायरी १. प्रत्येक प्रकारच्या आवाजाला वेगळा ट्रॅक. बोलणं एका ट्रॅकवर, म्युझिक दुसऱ्या, टाळ्या-हशा-गोंगाट तिसऱ्या. एकाच ट्रॅकवर सगळं कोंबलं की नंतर एकाला हात लावताना दुसरा हलतो.

पायरी २. म्युझिक म्यूट करा. हो, पूर्ण बंद. आधी नुसतं बोलणं ऐका आणि सगळ्या क्लिप्स एकमेकींच्या बरोबरीला आणा. प्राचार्य माइकवर बोललेले असतात, वॉचमनकाका गेटवर वाऱ्यात बोललेले असतात, मैत्रीण कानात कुजबुजल्यासारखी बोललेली असते. प्रत्येक क्लिपचा गेन असा लावा की बोलण्याची टोकं मीटरवर −१२ ते −६ च्या मध्ये नाचतील. इथे क्लिपचा गेन बदलायचा, ट्रॅकचा नाही. ट्रॅकचा स्लाइडर म्हणजे हॉस्टेलचा मेन स्विच. एका खोलीतला दिवा मंद करायला मेन स्विच कुणी बंद करत नाही.

पायरी ३. एकाच क्लिपमध्ये आवाज वर-खाली होत असेल तर कीफ्रेम वापरा. क्लिपवर एक आडवी रेघ दिसते, ती व्हॉल्यूमची. तिच्यावर बिंदू टाकायचे आणि बिंदू वर-खाली ओढायचे. रेघ रबरासारखी ताणली जाते म्हणून तिला रबर बँडही म्हणतात. एका ठिकाणी आवाज खाली आणायचा असेल तर दोन बिंदू पुरत नाहीत, चार लागतात. उतार सुरू, उतार संपला, चढ सुरू, चढ संपला. दोनच टाकले तर मधला सगळा भाग तिरका होतो आणि आवाज कुठे बदलतोय ते समजत नाही.

पायरी ४. आता म्युझिक सुरू करा आणि बोलणाऱ्याच्या खाली बसवा. बोलणं सुरू होण्याच्या अर्धा सेकंद आधी म्युझिक उतरू द्या, बोलणं संपल्यावर एखाद्या सेकंदात हळूच चढू द्या. याला डकिंग म्हणतात. काही सॉफ्टवेअर ते आपोआप करतात. म्युझिक बोलण्यापेक्षा साधारण १५ ते २० डीबी खाली असलं की शब्द स्वच्छ कळतात. पहिल्यांदा ऐकताना 'फारच कमी झालं' असं वाटेल. वाटू द्या. तुम्हाला ते भाषण पाठ झालेलं असतं, म्हणून तुम्हाला म्युझिकमधूनही शब्द ऐकू येतात. हॉलमधला माणूस ते पहिल्यांदाच ऐकतोय. शंका असेल तर जिला विषय माहीत नाही अशा मैत्रिणीला एकदा ऐकवा आणि तिला काय कळलं ते विचारा.

यात मराठीची एक गंमत आहे. काल, साल, चाल, ताल. चारही शब्दांत 'आ' आणि 'ल' तोच. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. स्वरांमध्ये जोर असतो, व्यंजनांमध्ये अर्थ. आणि क, स, च, त ही व्यंजनं जोराला कमी, क्षणभराची आणि साधारण २ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात जास्त राहणारी. गिटारच्या तारांची झणझण आणि झांजांचा आवाजही त्याच पट्ट्यात येतो. म्हणून माणूस 'ऐकू येतो' पण 'कळत नाही'. इक्वलायझर असेल तर म्युझिकमधला २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग ३-४ डीबीने दाबा. बोलण्याला खिडकी उघडल्यासारखी होते. आणि बोलण्याखाली गाणं नको, नुसती वाद्यं हवीत. गाण्यातले शब्द आणि माणसाचे शब्द एका वेळी कुणालाच कळत नाहीत.

पायरी ५. क्लिप जिथे कापली तिथे 'टक्' असा आवाज येतो ना? लाट मधेच तुटल्यामुळे येतो. प्रत्येक कटच्या दोन्ही बाजूंना एखाद्या फ्रेमचा छोटासा फेड द्या. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तेवढं पुरतं. शेवटचं म्युझिक मात्र दोन-तीन सेकंदांत निवांत मावळू द्या.

पायरी ६. मास्टर मीटरकडे बघा. इथे एक फसवाफसवी होते. प्रत्येक ट्रॅक हिरवा दिसतो आणि मास्टर लाल! कारण मास्टरमध्ये बेरीज होते. −३ डीबी म्हणजे सुमारे ०.७१. दोन ट्रॅकची −३ ची टोकं एकाच क्षणी आली तर बेरीज १.४२, म्हणजे हद्दीच्या ३ डीबी वर. −६ ची दोन टोकं एकत्र आली तर बरोबर शून्यावर. तीन ट्रॅक असतील तर आणखी वाईट. अशा वेळी मास्टर खाली ओढण्याआधी बघा की कोण विनाकारण ओरडतंय, आणि त्याला खाली आणा. फायनल टोकं −१ च्या वर जाऊ देऊ नका. एमपी-फोर करताना ऑडिओ कॉम्प्रेस होतो आणि त्यात टोकं किंचित वर सरकू शकतात.

नॉर्मलाइज नावाचं जादूचं बटण

बऱ्याच जणांचा सगळा भरवसा 'नॉर्मलाइज' बटणावर असतो. हे बटण काय करतं? क्लिपमधलं सगळ्यात उंच टोक शोधतं आणि ते ठरलेल्या आकड्यापर्यंत येईल एवढा गेन सगळ्या क्लिपला देतं. भाषणाच्या मध्ये कुणी माइकजवळ टाळी वाजवली असेल तर सगळ्यात उंच टोक त्या टाळीचं. बटण टाळीला शून्यावर नेऊन म्हणतं, झालं काम. भाषण आपलं खालीच. आधी ती टाळी कीफ्रेमने दाबा, मग नॉर्मलाइज करा.

मोठा आवाज थोडा दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करायला कॉम्प्रेसर असतो. उदाहरणार्थ थ्रेशोल्ड −१८ आणि रेशो ३:१ असेल तर −१८ च्या वर जाणाऱ्या दर ३ डीबीमागे १ च डीबी बाहेर येतो. म्हणजे −६ वर जाणारं टोक −१४ वर थांबतं. मग एकूण आवाज थोडा वाढवायला जागा मिळते. पण अति केलं की कुजबुज आणि ओरडणं सारखंच ऐकू येतं, आणि वाक्यांच्या मधली घरघर वर येते. मीठ म्हणून वापरा, भाजी म्हणून नको.

पीक वेगळं, लाउडनेस वेगळा

टीव्हीवर मालिका बघताना जाहिरात लागली की आई रिमोट शोधायला धावते. जाहिरातीची टोकं मालिकेइतकीच असतात, पण मधला सगळा भाग दाबून दाबून टोकाजवळ आणलेला असतो. टोक तेच, सरासरी मोठी. हा त्रास जगभर होता. म्हणून २००६ मध्ये आयटीयूने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची एक पद्धत ठरवली. तिचं एकक एलयूएफएस. युरोपच्या ब्रॉडकास्टरांनी २०१० मध्ये −२३ एलयूएफएस हे लक्ष्य ठरवलं. अमेरिकेने तर त्याच वर्षी जाहिरातींच्या आवाजासाठी खास कायदा केला आणि तो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला.

आपल्याला याचा उपयोग काय? यूट्यूब सुमारे −१४ एलयूएफएसपेक्षा मोठे व्हिडिओ स्वतःच खाली आणतं. म्हणजे सगळं दाबून, ठासून मोठं करण्यात मिळतं काय, तर फक्त फाटका आवाज. सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस मीटर असेल तर −१४ ते −१६ च्या आसपास फिल्म ठेवा आणि निवांत झोपा. हॉलमधला आवाज वाढवायला हॉलमध्ये अँप्लिफायर आहेच. साउंडवाल्याला स्वच्छ आवाज द्या, मोठा तो करेल.

कोणतं सॉफ्टवेअर?

आपल्या सीनिअर्सच्या सीनिअर्सनी विंडोज मूव्ही मेकरवर हात साफ केले. ते २००० मध्ये विंडोज मी-बरोबर आलं आणि जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं. एक्सपीवरच्या मूव्ही मेकरमध्ये व्हिडिओचा आवाज आणि म्युझिक यांच्यामध्ये एकच स्लाइडर होता. डावीकडे नेला की माणसं, उजवीकडे नेला की गाणं, आणि तो सगळ्या फिल्मला एकदमच लागायचा. त्या काळातल्या फिल्म्समध्ये माणसं का बुडाली ते यावरून कळेल.

आज तशी सबब नाही. केडेनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट फुकट आहेत आणि ओपन सोर्सही. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीसुद्धा भरपूर देते आणि त्यात आवाजासाठी फेअरलाइट नावाचं वेगळं पान आहे, फक्त लॅपटॉप जरा दणकट लागतो. नुसत्या आवाजासाठी ऑडॅसिटी आहे. ते कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत सुरू झालं आणि २००० मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. यातलं एकही नसेल तर मोबाइलवरच्या बऱ्याच एडिटरमध्येही क्लिपचा व्हॉल्यूम आणि फेड असतोच. वरच्या सहा पायऱ्यांपैकी निम्म्या तेवढ्यावरही होतात.

ऐकायचं कशावर? हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा मोठा आहे. एडिटिंग सुरू करताना लॅपटॉपचा व्हॉल्यूम एकदा ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. नाहीतर दर तासाला तुमचा अंदाज बदलतो आणि फिल्मचा पूर्वार्ध-उत्तरार्ध वेगवेगळे होतात. रात्री दोन वाजता रूममेट झोपलेली म्हणून अगदी हळू लावून मिक्स करू नका. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं आहे. तुम्ही ढोल वाढवून ठेवाल आणि हॉलमध्ये भिंती हलतील. शेवटी तीन ठिकाणी ऐका: हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि जमलं तर रिकाम्या हॉलमध्ये. मोबाइलवर शब्द कळले आणि हॉलमध्येही कळले, तर तुम्ही पास.

एक्स्पोर्टच्या आधी

हा कागद रूमच्या दारावर चिकटवायला हरकत नाही.

१. प्रत्येक शॉटला 'आवाज कुणाचा' हे ठरलंय का?
२. बोलण्याची टोकं −१२ ते −६ मध्ये आहेत का?
३. बोलण्याखालचं म्युझिक १५ ते २० डीबी खाली आहे का?
४. प्रत्येक कटला छोटा फेड दिलाय का?
५. मास्टर −१ च्या वर कुठे जात नाही ना?
६. विषय माहीत नसलेल्या एका माणसाने फिल्म ऐकली का?
७. मूळ क्लिप्स आणि प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या का?

सातवा मुद्दा परीक्षेत नापास होऊ देत नाही असा समजा. फिल्म वाईट झाली तर पुन्हा करता येते, पण त्यासाठी मूळ आवाज जागेवर असावा लागतो. मूळ क्लिप म्हणजे कच्चं धान्य आणि एक्स्पोर्ट म्हणजे शिजलेली खिचडी. खिचडीतून तांदूळ आणि डाळ कोण वेगळी करून देणार?

स्टाफमधल्या सर-मॅडमनाही एक विनंती. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील, गावाकडच्या गोष्टी सांगणारी आत्या असेल, तर लग्नाच्या व्हिडिओची वाट बघू नका. लग्नाच्या व्हिडिओत त्यांच्या बोलण्यावर सनई असतेच. एखाद्या दुपारी पंखा बंद करून, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवून, दहा मिनिटं नुसतं बोलू द्या. त्यावर काहीही म्युझिक घालू नका. ती फाइल तशीच ठेवा.

आणि या वर्षी गॅदरिंगला जे एडिटिंग करणार आहेत त्यांना मनापासून शुभेच्छा. सबमिशन आणि एडिटिंग एकाच आठवड्यात येणार हे तर विधिलिखितच आहे. तरी शेवटच्या दहा मिनिटांऐवजी आवाजाला एक पूर्ण संध्याकाळ द्या. गाणी काय, पुन्हा कुठेही ऐकायला मिळतात.

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी
लेडीज हॉस्टेल